पेट स्कॅनचा दिवस: पेशंटनं काय करायचं, मित्रांनी काय करायचं

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘होल बॉडी पेट-सीटी’ असं लिहून आलं की घरात दोन प्रश्न एकदम उभे राहतात: हे काय असतं, आणि सोबत कोण जाणार? दुसऱ्या प्रश्नाला बहुतेक वेळा पाचसहा उत्तरं मिळतात, कारण अशा वेळी मित्रमैत्रिणी धावून येतातच. पण या तपासणीची एक गंमत आहे. इंजेक्शन दिल्यापासून स्कॅन सुरू होईपर्यंतचा तासभर पेशंटनं एकट्यानं, गप्प बसायचं असतं. सोबत सगळ्यात हवीशी वाटते तेव्हाच ती दाराबाहेर असते. त्यामुळे मित्रांचं खरं काम आदल्या दोन दिवसांत आणि नंतरच्या दोन दिवसांत. वेटिंग हॉलमध्ये सहाजणांनी गर्दी करून कोणाचंच काम होत नाही. बहुतेक केंद्रं तर एकालाच आत सोडतात.

आधी एवढं समजून घ्या

शिरेतून जे इंजेक्शन देतात त्याला एफडीजी म्हणतात. ही साखरच, फक्त तिला किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेलं असतं. ज्या पेशी जास्त साखर खातात तिथे ती जास्त जमते आणि स्कॅनमध्ये तो भाग उजळतो. कॅन्सरच्या बऱ्याच पेशी साखरेच्या अधाशी असतात, म्हणून ही तपासणी. पण जिममध्ये दमलेला दंड, थंडीनं कुडकुडणारी मान, सुपारी चघळून दमलेला जबडा आणि जुन्या टीबीची गाठ यांनाही साखर लागते आणि तेही उजळतात. खाली जे काही नियम येतील ते सगळे या एका गोष्टीतून निघतात: साखर नको तिथे जाऊ नये. हे डोक्यात बसलं की पाठ करायला काही उरत नाही.

हेही आधीच सांगायला हवं की स्कॅननं निदान पक्कं होत नाही. ते बायोप्सीनं, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासल्यावर होतं. स्कॅन सांगतो आजार कुठे आहे आणि कुठवर गेला असावा.

अपॉइंटमेंट घेताना

हा फोन मित्रानं करावा. पेशंट फोनवर असला की ‘हो, हो’ म्हणतो आणि ठेवतो. वही घेऊन बसा. बायोप्सी, ऑपरेशन, केमो, रेडिएशन यांपैकी काही अलीकडे झालं असेल तर तारखेसकट सांगा. केमोच्या शेवटच्या डोसनंतर साधारण दोन-तीन आठवडे आणि रेडिएशननंतर दोन-तीन महिने थांबायला सांगतात, कारण भरत आलेली जखम आणि रेडिएशनची सूजही उजळते. पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन घेतलं असेल तर सगळी अस्थिमज्जाच (हाडांच्या आतला मगज) पेटल्यासारखी दिसते. तेही सांगा.

मग विचारा: किती तास उपाशी? कॉन्ट्रास्ट (चित्र स्पष्ट यावं म्हणून देतात ते औषध) देणार का, आणि त्यासाठी किती दिवसांच्या आतला क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट चालेल? शुगर किती असली तर परत पाठवता? पैसे कसे भरायचे? खासगी केंद्रात खर्च साधारण दहा ते पंचवीस हजारांच्या घरात जातो. विमा किंवा सरकारी योजनेतून करायचं असेल तर मंजुरी आधी लागते, आयत्या वेळी काउंटरवर होत नाही.

मधुमेह असेल तर पहिल्याच वाक्यात सांगा. केंद्र त्याप्रमाणे वेळ देतं. स्कॅन करणाऱ्यांना आणि शुगरच्या डॉक्टरांना एकच प्रश्न दोन्हीकडे विचारा: गोळ्या आणि इन्शुलिनचं काय? मधुमेहाच्या मेटफॉर्मिन गोळीमुळे आतड्यात एफडीजी जास्त जमतं, म्हणून काही ठिकाणी ती ४८ तास आधी बंद करायला सांगतात. स्वतःच्या मनानं मात्र बंद करू नका, दोन दिवसांत शुगर चढली तर स्कॅनच होणार नाही.

कामं वाटून घ्या

व्हॉट्सॲपवर ग्रुप काढणं हे काम नव्हे. कामं चारच आहेत आणि प्रत्येकाला एकच माणूस हवा.

एक जण सोबत जाणार. स्कॅननंतर काही तास पेशंटच्या अंगात किरणोत्सार असतो, म्हणून ही व्यक्ती गरोदर नको, आणि घरी जाऊन लगेच तान्ह्या बाळाला घेणारी नसली तर बरं. दिवसभर रजा काढलेली हवी; ‘अकराला मीटिंग आहे, तोवर होईल ना?’ असं विचारणाऱ्याला सोबत नेऊ नका. सगळं धरून तीन ते चार तास जातात, कधी जास्तही.

दुसरा फाइल सांभाळणार. तिसरा फोन घेणार: मावशी, ऑफिस, शेजारी, सगळ्यांना त्याचाच नंबर द्यायचा आणि पेशंटनं स्वतःचा फोन बंद ठेवायचा. कोणाला किती सांगायचं हे पेशंटनं ठरवायचं आणि या फोनवाल्यानं त्यापुढे एक शब्द बोलायचा नाही. आपल्याकडे कितीदा तरी घरच्या वडीलधाऱ्यांना अजून ‘गाठीची तपासणी’ एवढंच सांगितलेलं असतं. सोबत जाणाऱ्यालाही हे माहीत हवं, नाहीतर काउंटरवरच घोळ होतो. चौथा डब्याचा. त्याचं काम दुपारी.

लहान मूल घरात असेल तर पाचवं काम आहे आणि ते सगळ्यांत महत्त्वाचं: त्या दिवशी संध्याकाळपर्यंत, शक्य तर रात्रीपर्यंत, मुलाला दुसरीकडे ठेवणं.

बाहेरगावाहून मुंबईला येत असाल तर आदल्या रात्री पोहोचा. पहाटेच्या एसटीनं येऊन, दादरचा पूल धावत चढून सात वाजता परळला उगवणं या तपासणीला चालत नाही. दमलेले पाय उजळतात आणि उशीर झाला तर औषध विरतं. टाटा हॉस्पिटलच्या पेशंटांची सोय दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत होते, पण जागा आयत्या वेळी मिळेलच असं नाही. कॅन्सर पेशंटला हॉस्पिटलच्या दाखल्यावर रेल्वेत सवलत आहे: स्लीपर आणि थ्री-टायर एसीला पेशंटचं पूर्ण भाडं माफ, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के. निदान पक्कं होण्याआधी तो दाखला हातात नसतो, म्हणून पहिल्या खेपेला सवलत धरून चालू नका.

एका पानाची कुंडली

जाडजूड फाइल काउंटरवर कोणी उलगडत नाही. वर एक पान लावा, मोठ्या अक्षरात. त्यावर नाव, वय, वजन, उंची. मधुमेह, बीपी, थायरॉइड, किडनी, दमा. चालू गोळ्या. कुठल्या औषधाची किंवा आधीच्या कॉन्ट्रास्टची ॲलर्जी. बायोप्सी कुठल्या बाजूची, कोणत्या तारखेला. टीबी कधी झाला होता का, हे आपल्याकडे विसरता कामा नये. छातीतल्या गाठी टीबीनंही उजळतात आणि रिपोर्ट लिहिणाऱ्याला ते माहीत नसलं तर पुढचा सगळा विचार वेगळ्या वाटेनं जातो. मागच्या महिन्या-दोन महिन्यांत लस घेतली असेल तर कुठल्या दंडात, कारण त्या काखेतल्या गाठी सुजतात. पडझड, फ्रॅक्चर, दाताचं काम. बायकांनी शेवटच्या पाळीची तारीख. गरोदर असण्याची जराही शक्यता असेल किंवा बाळाला अंगावर पाजत असाल तर ते सगळ्यांत वर.

पानामागे डॉक्टरांची चिठ्ठी, बायोप्सीचा रिपोर्ट, क्रिएटिनिन, आधार कार्ड, आणि आधीच्या सीटी किंवा एमआरआयच्या सीडी. नुसते रिपोर्ट पुरत नाहीत, सीडीच न्या.

आदला दिवस

ताटातला भात, भाकरी, पोळी, बटाटा, साबुदाणा, फळं, गोड पदार्थ बाजूला. अंडी, पनीर, चिकन, मासे, पालेभाजी, काकडी, फ्लॉवर पोटभर खा. तांदळाच्या गावात भाताशिवाय जेवण म्हणजे शिक्षाच, पण एका दिवसाचा प्रश्न आहे. मधुमेह्यांनी आणि पथ्यावर असलेल्यांनी आधी विचारून. केंद्रानं दिलेल्या कागदावर काही वेगळं असेल तर तो कागद खरा.

चोवीस तास व्यायाम नाही. मॉर्निंग वॉक, योगासनं, सूर्यनमस्कार, जड पिशव्या, भांडी घासत उकिडवं बसणं, सगळं बंद. घरच्या बाईचा स्कॅन असेल तर इथे मित्रमैत्रिणींनी आत शिरून स्वयंपाकघराचा ताबाच घ्यावा, कारण ‘तू बस’ म्हटल्यानं कोणी बसत नाही.

आणि ऊब. थंडी वाजली की मानेभोवती आणि खांद्यांत असलेली तपकिरी चरबी शरीर गरम ठेवायला साखर जाळते आणि नेमक्या मानेतल्या गाठींच्या जागी उजळते. रात्री एसी नको. डिसेंबरच्या पहाटे स्कूटरवर मागे बसून जाऊ नका. स्वेटर किंवा शाल, मोजे, कानाला रुमाल; हे सगळं मे महिन्यातही पिशवीत हवं, कारण मशीनची खोली बारमाही गार असते.

सकाळ: उपाशी म्हणजे उपास नव्हे

बहुतेक ठिकाणी चार ते सहा तास पोटात काही नको. ही सूचना मराठी घरात हमखास फसते. ‘उपाशी या’ ऐकलं की आजी साबुदाण्याची खिचडी करते, निदान केळं आणि कपभर दूध तरी देते. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, पोटात गेल्यावर साखरच. बिनसाखरेचा चहाही नको, त्यात दूध आहे. लिंबूपाणी, नारळपाणी, खोकल्याचं गोड औषध, च्यवनप्राश, बडीशेप, मिंटची गोळी, च्युइंगगम, काही नाही. निघताना देवापुढचा पेढा हातावर ठेवतील तो कागदात बांधून घ्या, दुपारी खा.

तंबाखू, गुटखा, पान, सुपारी आणि मिश्री आदल्या रात्रीपासून बंद. तोंडाच्या कॅन्सरची शंका असेल तर हे दुप्पट महत्त्वाचं, कारण चघळण्यानं जबड्याचे स्नायू उजळले तर जिथे बघायचंय तिथेच धुरळा उडतो.

साधं पाणी मात्र चालतं, आणि हवंच. सकाळपासून तीनचार ग्लास. शिरा भरतात, सुई पटकन लागते. बीपीच्या, थायरॉइडच्या गोळ्या साध्या पाण्याबरोबर घ्यायच्या.

कपडे सुती, सैल, नाडीचे किंवा इलॅस्टिकचे. चेन, हूक, अंडरवायर नको. दागिने घरीच. मंगळसूत्र काढायला जड जात असेल तर सोबतच्या मैत्रिणीनं छोटी पाकीटवजा थैली आणावी आणि ती स्वतःच्या गळ्यात अडकवावी. लॉकरमध्ये ठेवून किल्ली हरवण्यापेक्षा हे बरं. न निघणाऱ्या बांगड्या साबणानं घरीच काढून बघा, नाहीच निघाल्या तर टेक्निशियनला सांगा. एक जास्तीचा पायजमा पिशवीत टाका. का, ते पुढे येईल.

केंद्रावर

दिलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी पोहोचा. उशिरा गेलं तर नंबर मागे जातो एवढंच नाही. एफडीजीची ताकद दर ११० मिनिटांनी निम्मी होते, दोन तास उशीर म्हणजे अर्ध्याहून जास्त औषध हवेत. हे औषध सायक्लोट्रॉन नावाच्या मोठ्या यंत्रात त्या-त्या दिवशी बनतं. (देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ साली परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये बसला.) ज्या शहरात सायक्लोट्रॉन नाही तिथे ते दुसऱ्या गावाहून येतं, आणि कधी गाडी अडकते, कधी तयार झालेला साठा तपासणीत नापास होतो. ‘औषध आलेलं नाही’ असं ऐकू आलं तर भांडू नका. तीन गोष्टी विचारा: अंदाजे किती वेळ, तोवर पाणी चालेल का, आणि मधुमेही पेशंटनं काय करायचं. उपाशी मधुमेह्याला दरदरून घाम सुटला, हात थरथरले किंवा बोलणं असंबद्ध झालं तर नर्सला हाक मारा. तिथे स्कॅनचा विचार करायचा नाही, साखर द्यायची.

आत गेल्यावर बोटातून शुगर बघतात. साधारण २०० च्या वर गेली तर थांबवतात किंवा दुसरी तारीख देतात. काही केंद्रांची मर्यादा याहून कमी असते. ‘मग इन्शुलिन देऊन उतरवा ना’ असं सोबतचे हमखास म्हणतात. पण इन्शुलिन साखरेला स्नायूंत ढकलतं, आणि पाठोपाठ दिलेलं एफडीजीही स्नायूंतच जातं. चित्रात नुसते दंड आणि मांड्या दिसतात. झटपट काम करणारं इन्शुलिन घेतल्यावर म्हणूनच किमान चार तास जाऊ देतात.

मग सुई. स्तनाचा आजार असेल तर दुसऱ्या बाजूच्या हाताला लावा असं सांगा. औषध शिरेबाहेर गळलं तर त्या बाजूच्या काखेतली गाठ उगाच उजळते. सुई टोचल्यावर आग होऊ लागली तर सहन करू नका, लगेच बोला. एफडीजीची सिरिंज शिशाच्या किंवा तशाच जड धातूच्या जाड नळीत येते. ती पाहून घाबरायला होतं, पण ते आवरण रोज दहा-वीस इंजेक्शनं हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी आहे.

यानंतरचा तास. एक छोटी खोली, मागे रेलणारी खुर्ची, मंद दिवा, दारावर पिवळ्यावर काळं तीन पाकळ्यांचं किरणोत्साराचं चिन्ह. दार लागतं. फोन नाही, पुस्तक नाही, जपमाळही नको, कारण बोटं आणि ओठ हलतात. बोलत राहिलं तर स्वरयंत्राचे स्नायू उजळतात. शाल गळ्यापर्यंत ओढा, जबडा सैल सोडा, दात एकमेकांवर दाबू नका, डोळे मिटा. झोप लागली तर उत्तम. हा तास आधी माहीत असला की सोपा जातो, अचानक समोर आला की डोक्यात नाही नाही ते येतं. म्हणून आदल्या संध्याकाळी मित्रानं पेशंटला तो नीट सांगावा आणि एकच वाक्य ठरवून ठेवावं: मी या बाकावर आहे, हलणार नाही. मग खरंच हलू नये. चहाला जायचं असेल तर हाच तास आहे असं वाटतं, पण मधूनच कर्मचारी येऊन फाइल किंवा सही मागतात.

याच वेळात काही केंद्रांत लिटर-दीड लिटर पाणी थोडं थोडं प्यायला देतात. त्यात मॅनिटॉल असेल तर चव गोडसर लागते आणि नंतर जुलाब होतात. जास्तीचा पायजमा त्यासाठी. घरी जायला लोकलऐवजी टॅक्सी का बघायची, हेही आलं लक्षात.

मशीनवर चढण्याआधी लघवीला जा, लागली नसली तरी. एफडीजी लघवीतून बाहेर पडतं आणि भरलेलं मूत्राशय ओटीपोटातलं सगळं झाकतं. पुरुषांनीही बसूनच करावी. कपड्यावर एक थेंब उडाला तरी तो चित्रात ठिपका होऊन दिसतो. दोनदा फ्लश, हात साबणानं.

स्कॅनला वीस-तीस मिनिटं. हे मशीन जाड पण आखूड कड्यासारखं असतं, एमआरआयच्या लांब बोगद्यासारखं नाही, आणि धडधड आवाजही नसतो. हात डोक्यावर घेऊन पडायचं असतं, खांदा आखडलेल्यांना ते जड जातं. आधी सांगितलं तर उशी देतात. मानेच्या स्कॅनला हात खाली. कॉन्ट्रास्ट सुटलं की अंगभर गरम लाट जाते आणि लघवी झाल्यासारखं वाटतं. झालेली नसते. घसा आवळला, खाज सुटली किंवा श्वास लागला तर मात्र ताबडतोब ओरडून सांगा. कधी कधी थोड्या वेळानं पुन्हा एका भागाचा स्कॅन घेतात. त्याचा अर्थ लावत बसू नका. आतड्याची हालचाल किंवा लघवी आड आली एवढंही कारण पुरतं.

नंतर

टेक्निशियननं हो म्हटल्याशिवाय सुई काढू नका आणि डबा उघडू नका. मग दहीभात, मऊ खिचडी, जे जाईल ते. पाणी भरपूर, लघवीला वारंवार. नऊ-दहा तासांत अंगातली किरणोत्सारी मात्रा तीन टक्क्यांच्या आसपास उतरते, पण लघवीतून जेवढं लवकर जाईल तेवढं बरं. मोठ्या माणसांबरोबर गाडीत बसणं, जेवणं, हात धरणं यात काही धोका नाही, हे मित्रांना स्पष्ट सांगा. नाहीतर सगळे दोन हात लांब बसतात आणि पेशंटला ते लागतं. फक्त गरोदर बाई आणि लहान मूल यांना त्या दिवसापुरतं जवळ घ्यायचं नाही. अंगावर पाजणाऱ्या आईनं आधीच दूध काढून ठेवावं आणि बाळाला दुसऱ्या कोणी पाजावं.

रिपोर्ट

बहुतेक एक-दोन दिवसांत येतो. आणायला मित्रानं जायचं असेल तर पैशांची पावती आणि पेशंटचं ओळखपत्र लागतं. पाकीट रस्त्यात फोडायचं नाही. फोडलंच तर फोटो ग्रुपवर टाकायचा नाही. रिपोर्टमध्ये ‘एसयूव्ही’ नावाचा, कुठला भाग किती उजळला ते सांगणारा आकडा असतो आणि तो गूगलवर टाकला की रात्रभर झोप लागत नाही. हा आकडा शुगर, वजन, इंजेक्शननंतर गेलेला वेळ, मशीन या सगळ्यांवर हलतो. एखाद्या गळवाचाही तो मोठा येऊ शकतो. डॉक्टरांकडे जाताना फाइलवाल्यानं सोबत जावं आणि ते काय म्हणाले ते तिथेच लिहून घ्यावं, कारण पेशंटला पहिल्या वाक्यानंतरचं फारसं ऐकू येत नाही.

पुढचा स्कॅन जमेल तर याच केंद्रात, याच मशीनवर करा, म्हणजे तुलना सरळ होते. आणि कागदाबरोबर सीडी मागून घ्या. आता लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नसते, तेव्हा पेनड्राइव्ह किंवा लिंक देता का विचारा. नाहीतर कॉलनीत ज्याच्याकडे जुना कॉम्प्युटर असेल त्याला गाठून सगळं फोल्डर जसंच्या तसं उतरवून घ्या, त्यातली एकही फाइल न वगळता.